बालवर्गातील अक्षर आणि अंक : आधी हात की आधी डोळा?

पहिलीत पाऊल टाकण्यापूर्वी मुलाला काय काय यायला हवे, हा प्रश्न पालक, बालवाडीच्या शिक्षिका आणि संस्थाचालक या तिघांनाही सतत पडतो. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या 'निपुण भारत' अभियानाने त्याचे उत्तर थोडक्यात दिले आहे. पाच ते सहा वर्षांच्या मुलाने, म्हणजे ज्याला आता 'बालवाटिका' म्हणतात त्या वर्गातील मुलाने, अक्षरे व त्यांचे ध्वनी ओळखावेत. दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचावेत. १० पर्यंतचे अंक ओळखावेत व वाचावेत. आणि वस्तू, आकार, संख्या किंवा घटना क्रमाने लावाव्यात. यादी छोटी आहे आणि वाजवीही आहे. मात्र अक्षराकडे मुलाला कोणत्या वाटेने न्यायचे, हे तिच्यात येत नाही. घरात दखनी, शाळेत प्रमाण उर्दू, गल्लीत मराठी आणि दुकानाच्या पाट्यांवर कन्नड किंवा तेलुगू अशा वातावरणात वाढणाऱ्या बेळगाव, हैदराबादच्या मुलाच्या बाबतीत सारा प्रश्न या वाटेचाच आहे. या वाटेला दीर्घ इतिहास आहे. त्यात सर्वांत जास्त उलथापालथ झाली ती एकाच मुद्द्यावर : अक्षर आधी हाताने शिकायचे, कानाने शिकायचे की डोळ्याने?

जुन्या मराठी पंतोजी शाळेचे उत्तर 'हाताने' असे होते. पाटीवर धूळ पसरायची, गुरुजींनी बोटाने अक्षर काढायचे आणि मुलाने त्याच रेघेवरून बोट फिरवत राहायचे. 'धुळाक्षरे' आणि 'गिरवणे' हे शब्द याच रीतीतून आले. पुढे बोरू व कागद हाती आल्यावर उत्तम अक्षराचा नमुना समोर ठेवून तसेच लिहायचे, तो 'कित्ता'. कित्ता हा शब्द अरबी-फारसीतून मराठीत आला आहे. कागद, कलम, दौत, शाई हे शब्दही तिकडचेच. वाचन, पठण, पाठ हे शब्द संस्कृताचे आणि लेखनाची सामग्री मात्र फारसीची, ही मराठी भाषेतील वाटणी मोठी बोलकी आहे. दफ्तरात बसणाऱ्या कारकुनाने ती मराठीला दिली. त्या कारकुनाची लिपी मोडी होती. देवनागरीला 'बालबोध', म्हणजे लहान मुलालाही समजेल अशी लिपी, हे नाव पडले ते मोडीच्या तुलनेतच. म्हणजे मराठी मूल छापील पुस्तक येण्याच्या काळात दोन लिप्या शिकत होते, एक मुख्यतः वाचण्यासाठी आणि दुसरी भरभर लिहिण्यासाठी. दोन लिप्यांचा भार ही आजच्या उर्दू-मराठी मुलावर प्रथमच आलेली आपत्ती नव्हे, हे येथे लक्षात घ्यावे.

या धुळीचा एक प्रवास थेट इंग्लंडपर्यंत झाला. मद्रासच्या अनाथालयात अधीक्षक असलेले अँड्र्यू बेल यांनी मलबारी पद्धतीच्या एका शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे, या व्यवस्थेबरोबर तिचे वर्णन त्यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केले आणि इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांत वाळूचे ताट पोहोचले.

मकतबातील चित्र थोडे वेगळे होते. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाहख्वानी करण्याचा रिवाज अनेक मुस्लिम घराण्यांत होता व आजही काही घरांत पाळला जातो. त्यानंतर कायदा, म्हणजे अक्षरओळखीची पुस्तिका, आणि तख्ती हाती येई. लाकडी तख्तीला मातीचा लेप द्यायचा, वाळवायची, उस्तादांनी वरच्या ओळीत लिहून द्यायचे आणि मुलाने खाली तसेच उतरवायचे. मग धुऊन पुन्हा लेप. कायद्यातील पाठ मात्र तोंडाने घोकला जाई. त्यात मुख्य साधन हिज्जे. 'जाल' हा शब्द वाचायचा तर 'जीम अलिफ जा, जा लाम जाल' असे म्हणावे लागे. देवनागरीत 'ज'चे नाव आणि त्याचा ध्वनी एकच आहे. उर्दूत अक्षराचे नाव 'जीम' आणि ध्वनी 'ज्'. नावावरून ध्वनीकडे जाण्यासाठी एक पूल लागतो आणि हिज्जे हा तो पूल होता. पण पूल ओलांडायलाच मुलांची वर्षे जात.

याची पहिली मोठी तक्रार कोणा युरोपियन शिक्षणतज्ज्ञाने केलेली नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्ल यांनी 'आईन-ए-अकबरी'त शिक्षणावर एक लहानसे प्रकरण लिहिले. मुलांना स्वर-व्यंजनांतच वर्षानुवर्षे अडकवून ठेवले जाते आणि त्यांचा काळ वाया जातो, असे ते सांगतात. यावर अकबराने घालून दिलेला क्रम असा : मुलाने प्रथम अक्षरे लिहायला शिकावे, प्रत्येकाचा आकार व नाव दोन दिवसांत आटोपावे, मग जोडाक्षरांचा सुमारे आठवडाभर सराव करावा आणि त्यानंतर अर्थपूर्ण गद्य-पद्याकडे वळावे. मुलाने शक्यतो स्वतःच समजून घ्यावे, शिक्षकाने थोडीच मदत करावी, ही सूचनाही त्यात आहे. दोन दिवसांची मुदत दरबारी अतिशयोक्तीच म्हणायला हवी. पण लेखन आधी, जोडणी लगेच आणि अर्थ लवकर, हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला दिसतो. हुकूम निघाला म्हणून मकतबांची रीत बदलली असे मात्र झाले नाही. हिज्जे पुढेही शतकानुशतके चालूच राहिले.

या जुन्या व्यवस्थांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पंतोजींच्या शाळेत छडी होती, अर्थाला फारसे स्थान नव्हते आणि मुली व 'अस्पृश्य' मानलेल्या जातींची मुले जवळजवळ नव्हतीच. मकतबाची दारे जातीच्या दृष्टीने अधिक उघडी असली तरी पाठांतराचा जाच तेथेही होता. कुरआनचे नाझिरा पठण हा स्वतंत्र हेतू असलेला धार्मिक पाठ आहे, त्यात उच्चाराची शुद्धता मुख्य असते. त्याच मापाने मातृभाषेतील वाचनही शिकवले गेले, म्हणजे अर्थाविना उच्चार पुरेसा मानला गेला, हे नुकसानीचे ठरले.

अंकांची गोष्ट निराळी. पंतोजींच्या शाळेतील गणित बाजारासाठी होते. एकं, दहंपासून पाढ्यांपर्यंत आणि पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे मुले तालात म्हणत. रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे चार पावशेर असलेल्या व्यवहारात त्यांचा रोज उपयोग होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग किलोग्रॅम आला आणि या पाढ्यांचा आधारच निघून गेला. तरी त्यांतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे : संख्या तेथे कानावाटे शिकली जात होती. मोजून मात्र नव्हे. 'पाऊण' म्हणजे किती, हे हातात घेऊन पाहण्याची सोय त्यात नव्हती.

सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र शाळा ही कल्पना युरोपातून आली. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे अशी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले. त्यांच्या बागेत अक्षरे नव्हती. लोकरीचे रंगीत चेंडू, मग लाकडी गोल, घन व दंडगोल, मग घनाचे आठ तुकडे अशा 'देणग्या' मुलाच्या हाती देत जायचे. अर्धा, पाव, एकअष्टमांश या कल्पना त्याने ठोकळे जुळवता जुळवता मिळवायच्या. प्रशियाच्या सरकारला यातही नास्तिकतेचा वास आला आणि १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली गेली, ती १८६० मध्ये उठली. आज ज्या वर्गांना आपण 'केजी' म्हणतो आणि जेथे तीन वर्षांच्या मुलाकडून चाररेघी वही भरून घेतो, त्या नावाच्या मूळ पुरुषाने अक्षर वर्गात येऊच दिले नव्हते, हा विरोधाभास गमतीचा आहे. दुःखाचाही आहे.

मारिया माँटेसरी यांनी अक्षर पुन्हा आणले, पण डोळ्यासमोर टांगून नव्हे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी 'बालगृह' उघडले. खरखरीत कागदाची कापून चिकटवलेली अक्षरे, त्यांवरून दोन बोटे फिरवायची आणि त्याच वेळी अक्षराचा ध्वनी उच्चारायचा, नाव नव्हे. दुसरीकडे धातूच्या चौकटींत पेन्सिल फिरवून हात तयार होत असे. सुट्या अक्षरांनी शब्द जुळवले जात. मुले अगोदर लिहू लागली आणि काही काळाने वाचू लागली, हा अनुभव त्यांना स्वतःलाही चकित करणारा होता. अंकांतही हाच क्रम होता. दहा सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंतच्या दहा दांड्या उचलून 'एक' आणि 'दहा' यांतील फरक खांद्याला जाणवू द्यायचा, चिन्ह नंतर. चात्यांच्या पेटीत पंचेचाळीस चात्या ० ते ९ च्या कप्प्यांत मोजून टाकताना शून्याचा कप्पा रिकामाच राहतो, आणि 'काही नाही' यालाही चिन्ह असते हे मुलाला व्याख्येवाचून कळते.

धूळपाटी आणि ही खरखरीत अक्षरे यांचे नाते जोडण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. माँटेसरींचा वारसा इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या, मंदगती मुलांसाठी केलेल्या कामाचा आहे. शिवाय धूळपाटीत ध्वनीचे सुटे भान नव्हते आणि कधी थांबायचे हे मूल ठरवत नसे. साम्य एवढेच, की दोन्हीकडे बोट डोळ्याच्या पुढे चालते.

हे शिक्षण आपल्या भागात रुजले ते भावनगरमार्गे. वकिली सोडून शिक्षणात आलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक १९२३ मध्ये त्यांना मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उघडले. येथवर हे शिक्षण मुख्यतः शहरी, शिकलेल्या कुटुंबांचे होते. आणि साधने महाग होती. १९४५ मध्ये ताराबाई ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. तेथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना खरी परीक्षा झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना तेथली. इटालियन मोजमापांच्या लाकडी साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, काड्या आल्या. लहान-मोठे, कमी-जास्त, एकास एक ही गणिताची पूर्वतयारी त्यांवर तेवढ्याच नेमकेपणाने होते, हे त्यांनी दाखवून दिले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच अंगणवाडी नाव मिळाले. इंदूरमध्ये शालिनी मोघे यांनी बाल निकेतन संघाच्या रूपाने उभे केलेले कामही याच परंपरेतले. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

उर्दू जगात किंडरगार्टन जवळजवळ थेट त्याच्या जन्मभूमीतूनच आले, ही गोष्ट मराठी वाचकांना कमी परिचित आहे. झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब यांची बर्लिनमध्ये गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू तरुणीशी मैत्री झाली होती. १९३३ मध्ये त्या दिल्लीच्या जामिया मिल्लियात आल्या आणि लहान मुलांच्या वर्गाचे व वसतिगृहाचे काम त्यांनी अंगावर घेतले. मुले त्यांना 'आपाजान' म्हणत. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्या कब्रस्तानात आहे. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने जी बुनियादी तालीम आखली ती सात वर्षांपासून पुढची होती. त्याआधीच्या वयासाठी 'पूर्व-बुनियादी'चा विचार सेवाग्रामला १९४५ पासून आकाराला आला.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हात, ध्वनी आणि प्रत्यक्ष वस्तू यांचा पक्ष वैचारिक पातळीवर जिंकलेला होता. सरकारी कागदांतही त्याचीच सरशी झाली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पूर्वप्राथमिक वयात औपचारिक लेखन-वाचन-गणिताला परावृत्त करण्याचे ठरवले. १९९३ मध्ये यशपाल समितीने बालवर्ग-प्रवेशाच्या चाचण्या व मुलाखती बंद करा असे सांगितले. प्रत्यक्षात मात्र बाजार उलट दिशेने गेला. इंग्रजी केजीच्या अनुकरणाने मराठी आणि उर्दू बालवर्गांतही 'स्टँडिंग लाइन, स्लीपिंग लाइन', तक्त्यावरची छडी आणि सामूहिक घोष आला. 'अ अननसाचा' आणि 'अलिफ से अनार' म्हणताना मूल बहुधा चित्र वाचते, अक्षर नव्हे. अननसाऐवजी आंबा दाखवला की ते अडते. म्हणजे पंतोजींची घोकंपट्टी राहिली आणि धूळपाटीवरचे बोट तेवढे गेले.

अंकांच्या बाबतीत एक अडचण या सर्व पद्धतींच्या पलीकडची आहे, कारण ती भाषेतच आहे. अमेरिकेतील २०१० च्या सामाईक मानकांनुसार किंडरगार्टनच्या मुलाने १०० पर्यंत मोजावे आणि ० ते २० लिहावे. इंग्रजीत वीसच्या पुढे नावे सरळ जुळतात, म्हणून ते जमते. मराठीत १ ते १०० मधील जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पाठ करावे लागते. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना दोन आधी येतो. एकोणतीस म्हणताना तीस ऐकू येतात आणि लिहायचे असते २९. उर्दूचा स्वभाव हाच आहे, पण तपशील वेगळा. मराठीत ८९ ला 'एकोणनव्वद' म्हणतात, उर्दूत 'नवासी', म्हणजे नऊ व ऐंशी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच', 'सत्तर सात' अशी पर्यायी वाचने दिली गेली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधानसभेतही चेष्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले संख्यांना घाबरतात, एवढेच साधे कारण सांगितले होते. भाषेचे सौष्ठव बिघडते ही टीका अगदीच निराधार नव्हती, परंतु टीकाकारांपैकी फार थोड्यांनी बेळगावच्या मुलाचा विचार केला असेल. ते मूल कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु' ऐकते, म्हणजे वीस-पाच. हैदराबादचे मूल तेलुगूत तसेच ऐकते. 'वीस पाच' ही रचना त्यांच्या कानाला परकी नाहीच. उलट शिक्षिकेने कन्नड आणि मराठी नावे शेजारी ठेवून काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या दाखवल्या, तर दशक-एककाची कल्पना एकभाषी मुलापेक्षा त्याला लवकर उमगू शकते.

अक्षरांत दोन लिप्यांचा पेच याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. देवनागरीत अक्षर सुटे राहते, पण ऱ्हस्व इकाराची वेलांटी आधी लिहून नंतर उच्चारावी लागते. उर्दूत अक्षर शब्दातील जागेप्रमाणे रूप बदलते. बे, पे, ते, टे, से यांचे मूळ अंग एकच, फरक फक्त ठिपक्यांचा वा वरच्या खुणेचा. आणि अलिफ, दाल, रे, वाव यांसारखी अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार एकाच चिन्हात सामावतात. उर्दूत उलट, 'ज़' या एका ध्वनीसाठी ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय अशी चार अक्षरे. त्यात दखनी घरातले मूल 'क़लम'ला 'ख़लम' म्हणते. ते ख़े शोधते आणि पुस्तकात क़ाफ़ निघते. ही चूक मंदबुद्धीची नव्हे, कानाने प्रामाणिकपणे दिलेली साक्ष आहे. तिला छडीने उत्तर देणारा शिक्षक त्या मुलाचा कानावरचा भरवसाच घालवतो.

यासाठी देवनागरीत 'ग म भ न' सारखे आकारसाम्याचे गट आणि उर्दूत बे-कुळ, जीम-कुळ असे गट घेऊन अक्षरे हाताने गिरवणे, वाळूत वा तख्तीवर, हा जुनाच मार्ग आजही सर्वांत कमी खर्चाचा आहे. त्याला माँटेसरींची ध्वनीची जोड द्यायची, नावाची नव्हे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आठ वर्षांपर्यंत घरची वा परिचित भाषा हेच मुख्य माध्यम मानले आहे. त्याचा सरळ अर्थ असा, की उर्दू बालवर्गात दुसरी भाषा गाणी, गोष्टी, खेळ यांतून तोंडी भरपूर यावी आणि तिची लिपी पहिली लिपी हातात बसल्यावरच. दखनी मुलाच्या बाबतीत हे तोंडी काम बरेचसे झालेलेच असते. त्याच्या रोजच्या बोलण्यातले 'नक्को' मराठीतूनच आलेले आहे.

अंकांच्या बाबतीत मात्र दोन्ही लिप्या एकाच वेळी समोर येतात आणि ते टाळता येत नाही. देवनागरी शून्य म्हणजे पोकळ वर्तुळ, उर्दू शून्य म्हणजे नुसता ठिपका. आणि ठिपका तर त्याच पानावर 'बे'खालीही असतो. उर्दू ओळ उजवीकडून डावीकडे वाचत आलेले मूल '२५'पाशी पोहोचते, तेव्हा तेवढ्यापुरती दिशा उलटते, कारण दशक तेथेही डावीकडेच लिहितात. मोठ्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही. मुलाच्या बोटाला मात्र तेथे थांबून, दुसऱ्या टोकाला जाऊन परत यावे लागते. उर्दू बालवर्गातील शिक्षिकेने पहिला दोनअंकी आकडा फळ्यावर काढताना तो कोणत्या बाजूने लिहिला जातो हे सावकाश, मुलाचे बोट धरून दाखवणे एवढे काम कोणत्याही छापील यादीत नाही.